आजोबांची फियाट: फक्त चालू करू की पूर्ण नवीकोरी?

कुलूपकिल्ली
नमस्कार मंडळी, गाड्यांमधलं मला फार कळत नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या. आमच्याकडे १९६८ ची फियाट ११०० डी आहे. आजोबांनी घेतली, नंतर बाबांनी चालवली, आणि बाबांना गुडघ्यामुळे क्लच दाबवेना तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी, पंधरा-वीस वर्षं सहज झाली असतील. आता बाबांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाले जमलं तर बघ, नाही जमलं तर भंगारात घाल पण मला सांगू नकोस.

अवस्था अशी की चारही टायर बसलेत, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दाबला की कुरकुरतो, डिक्कीत स्टेपनीखाली भोक आहे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं तर आंबूस, वार्निशचा असतो तसा वास. ब्रेक पेडल दाबलं तर थेट तळाला जातं. सीटचं रेक्झिन उसवलंय पण डॅशबोर्ड, स्टीअरिंग, मीटर सगळं जागच्या जागी. रंग मूळचा करडा, त्यावर बाबांनी कधीतरी पांढरा मारून घेतला होता, आता दोन्ही दिसतात. अजून एक, डॅशबोर्डच्या खाली डाव्या हाताला आजोबांनी स्वतः बसवलेला एक पितळी स्विच आहे, तो कशाचा हे बाबांनाही आठवत नाही.

घरात तीन मतं. भाऊ म्हणतो बॉडी चॅसिसवरून उतरवून नटबोल्टपासून सगळं नवं करायचं. आतेभाऊ म्हणतो आतमध्ये आजच्या गाडीचं इंजिन टाक, एसी टाक, बाहेरून जुनी दिसली म्हणजे झालं. मला फक्त बाबांना शेजारी बसवून एक चक्कर मारायची आहे. सुरुवात कुठून करू?

ग्रीसहात
ताई, सगळ्यात आधी एक करा, म्हणजे करू नका. सेल मारू नका. नवी बॅटरी लावून किल्ली फिरवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि इतकी वर्षं उभ्या इंजिनाचं निम्मं नुकसान त्या पहिल्या दहा सेकंदांत होतं. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला असतो, तेल सगळं खाली उतरून बेअरिंगं कोरडी असतात, अशात जोर लावला की रिंग तुटते नाहीतर पुशरॉड वाकतो.

चारही प्लग काढा, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, प्लगचा रंग बघून पुढे बरंच कळतं. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरणारे पण आहेत आणि ते छान झिरपतं, फक्त उघड्या हवेत आणि आगीपासून लांब. काही दिवस तसंच राहू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने हळू फिरवायचं, पुढे-मागे थोडं थोडं. अडलं तर जोर नाही, परत तेल, परत थांबायचं. मोकळं फिरलं की जुनं तेल काढा, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडता आलं तर उघडून गाळ बघाच, नवं तेल आणि फिल्टर घाला, आणि प्लग बाहेर असतानाच सेलवर फिरवून तेलाचं प्रेशर येतंय का बघा. प्रेशर आलं की मग पेट्रोल आणि स्पार्कच्या गोष्टी.

निवांतपोपट
+१. आणि गाडी चालू होण्याआधी ती थांबली पाहिजे. पेडल तळाला जातंय म्हणजे ब्रेक नाहीतच असं धरा.

मिसिंगमास्तर
पोपटरावांनी एका ओळीत सांगितलं ते मी लांबवतो, कारण लोक इंजिन चालू झालं की आनंदात गाडी शेडबाहेर काढतात आणि समोर भिंत असते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. इतकी वर्षं ते पाणी व्हील सिलिंडरच्या आतून गंज चढवत बसलेलं असतं, पिस्टन जाम, रबरी वॉशर कडक. फियाटला चारही चाकांना ड्रमच आहेत, त्यामुळे चारही ड्रम उघडायचे, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर खोलायचे, बोअरला खड्डे असतील तर नुसतं वॉशर किट टाकून भागत नाही, सिलिंडर बदला किंवा आतून नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, मारून घ्या. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला, ते आतून फुगून बंद होतात, मग दाबलेला ब्रेक सुटत नाही. लोखंडी पाइप चॅसिसच्या, म्हणजे फ्लोअरच्या खालून जातात, जिथे क्लिपा आहेत तिथे गंजतात. ऑइल डॉट ३ किंवा ४, डॉट ५ त्यात मिसळू नका, ते सिलिकॉनचं असतं. आणि रंगावर सांडू देऊ नका, रंग सुटतो.

ड्रम उघडताना अजून एक. त्या काळी ब्रेकच्या शूवर लावलेल्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, तोंडाने फुंकायची तर नाहीच. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून घासायचं तर पाणी मारून.

टायरवर भरपूर नक्षी शिल्लक असली तरी टाका. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन आकडी कोड दिसला तर तो टायर त्याच्याही आधीचा, ढकलायला ठीक, रस्त्याला नाही.

शोरूमकंडिशन
मी भावाच्या बाजूचा. पायाखालचा पत्रा गेलाय, डिक्कीत भोक आहे, म्हणजे जे दिसत नाही तिथे याहून जास्त आहे. अर्धवट काम केलं की दोन वर्षांनी तोच गंज रंगाखालून फुगून वर येतो आणि मग सगळं परत उघडा. एकदाच शेलपर्यंत, म्हणजे नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, उघडा, सगळा रंग उतरवा, पत्रा करा, रंगवा. पुढच्या पिढीला द्यायची असेल तर हाच मार्ग, नाहीतर तुम्ही फक्त दुखणं पुढे ढकलताय.

पत्रेवाला
बॉडी चॅसिसवरून उतरवायची म्हणणाऱ्या भावाला सांगा की उतरवायला चॅसिसच नाहीये :) १९५३ ला ११००/१०३ आली तेव्हापासून ही गाडी मोनोकॉक आहे, पत्र्याचा सांगाडा हीच चॅसिस. म्हणून पायाखालचा पत्रा आणि दाराखालचा पोकळ उंबरठा गंजला तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणा जातो.

आधी किती गेलंय ते बघा. चुंबक घ्या, त्याला फडकं गुंडाळा म्हणजे रंग खरवडणार नाही, आणि खालून वर फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. मग बोथट स्क्रू ड्रायव्हरने खालून टोचा, दाराखालचे उंबरठे, जॅक लावायची जागा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे अडकतात ती जागा, बॅटरीचा ट्रे, मडगार्डच्या आतली कड जिथे चिखल साठतो. पाट्यांच्या हँगरजवळ गेलं असेल तर ते पहिलं काम, बाकीचं थांबू शकतं.

आणि उंबरठा कापायचा असेल तर त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून घ्या, मजल्याला खालून समान आधार द्या, दारं जागेवर लावूनच वेल्डिंग करा आणि मधेमधे उघडझाप करून गॅप बघा. आधार न देता दोन्ही उंबरठे एकदम कापले की गाडी मधून बसते, मग दारं कधीच लागत नाहीत. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि डायनॅमोची कनेक्शनं सोडा, टाकी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते.

भोकावर फायबरचा तुकडा चिकटवून वरून डांबरी कोटिंग मारणं हे काम नव्हे, ते झाकणं आहे. आत पाणी राहतं आणि बाहेरून कळत नाही. गंजका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा जोडायचा, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर, पोकळ भागात आतून मेण किंवा तेल. पाणी जायची भोकं पुट्टीने बुजवू नका, ती कंपनीने मुद्दाम ठेवलेली असतात. सँड ब्लास्टिंगला दार, बॉनेट, छत देऊ नका, मोठा सपाट पत्रा त्याने ताणला जाऊन लाटा येतात. जाड भागांना चालतं.

जुनाचबरा
शोरूमकंडिशन यांचं पत्र्याबद्दलचं म्हणणं मान्य पण त्यावरून पूर्ण उघडा हा निष्कर्ष निघत नाही. घरच्या गाडीत आणि विकत घेतलेल्या जुन्या गाडीत हाच तर फरक आहे. बाहेरून आणलेली गाडी तुम्ही हवी तशी करा, तिच्यात तुमचं कोणी बसलेलं नसतं. इथे स्टीअरिंग जिथे गुळगुळीत झालंय तिथे आजोबांचा आणि बाबांचा हात आहे, ते नवं चढवून काय मिळवणार? तशी नवी दिसणारी गाडी पैसे देऊन कोणालाही मिळते.

हे फक्त भावनेचं नाही. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा, १९६६ पासूनची, तिने २०१२ मध्ये तुरिन चार्टर म्हणून एक मसुदा मान्य केला, त्याचा रोख हाच की आहे ते आधी जपा, दुरुस्ती लागेल तेवढीच आणि शक्यतो परत काढता येईल अशी, आणि काय बदललं त्याची नोंद ठेवा. तुमच्यासाठी साधा नियम असा, सुरक्षिततेचं आणि गंजाचं काम बिनधास्त करा, ज्याला हात लागून लागून झिजलंय त्याला हात लावू नका, आणि बाकीचं दोन वर्षांनी ठरवा. बाबांचा पांढरा रंग सुद्धा गाडीच्या इतिहासातला आहे, करडा खरा आणि पांढरा खोटा असं नसतं.

शोरूमकंडिशन
झिजलेलं जपा ठीक, पण फुगलेला रंग जपायचा का? त्याच्याखाली पत्रा संपत असतो. म्युझियमात ठेवायची असेल तर जपा, चालवायची तर पत्रा झाकलेला पाहिजे.

जुनाचबरा
फुगलेला नाही, तो काढायचाच. तेवढाच भाग करायचा आणि रंग जुळवायचा. पूर्ण गाडी रंगवणं सोपं, जुळवणं अवघड, म्हणून पेंटर पूर्णच करू म्हणतात.

कुलूपकिल्ली
केवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद! सेल मारला नाहीये, शपथ. आतेभाऊ विचारतोय इंजिन बदलायचं काय झालं, त्याला काहीतरी उत्तर द्या. आणि अजून एक नाजूक प्रश्न, गाडी कागदावर अजून आजोबांच्या नावावर आहे. भावाला अर्धा खर्च द्यायचा आहे पण मग निर्णय पण अर्धे त्याचे.

मिसिंगमास्तर
आतेभावाला सांगा, १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, त्या हिशोबाने ब्रेक, गियरबॉक्स, मागचा अॅक्सल, पुढचं सस्पेन्शन सगळं केलेलं आहे. दुप्पट ताकदीचं इंजिन टाकलं की हे सगळं बदलावं लागतं, माउंटिंगसाठी कापाकापी, रेडिएटर मोठा, एसीसाठी डायनॅमो पुरत नाही म्हणून अल्टरनेटर, वायरिंग नवं. शेवटी जुन्या पत्र्यात दुसरीच गाडी. शिवाय इंजिन नंबर कागदावर असतो, तो जुळला नाही की पुढे डोकेदुखी. त्याला एसीच पाहिजे असेल तर त्याने स्वतःच्या गाडीतून मागून यावं.

उलट याच इंजिनाचे सुटे भाग मिळतात हा तुमचा मोठा फायदा. प्रीमियरने हीच गाडी १९७४ पासून पद्मिनी नावाने काढली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत चालवली, त्यामुळे इंजिन-ब्रेकचा बराच माल एकमेकांना लागतो. अवघड जातात ते ११०० डीचे दिसणारे भाग, ग्रिल, लाइटच्या रिंगा, पट्ट्या, मोनोग्राम. ते काढलेत तर कपड्यात गुंडाळून घरात ठेवा, मिस्त्रीकडे नको.

दप्तरदार
नावाचं आधी करा, खर्च नंतर. गाडीवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः पुसून वाचा, फोटो काढा, कागदावरच्याशी जुळवा. वारस जितके असतील तितक्यांची लेखी संमती घ्या, आत्ता सगळे हो म्हणतात कारण आत्ता ती भंगार आहे. चकाचक झाली की सगळ्यांना आजोबा आठवतात. भावाबरोबर पण दोन ओळी लिहून ठेवा, खर्च कोणाचा किती, विकायची वेळ आली तर कोणाचं मत लागेल, आणि रंगाचा निर्णय कोणाचा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका.

बॅकलाइट
मी वायरिंगचा माणूस. बॅटरी जोडायच्या आधी सगळ्या हार्नेसवरून, म्हणजे वायरच्या जुड्यांवरून, हात फिरवा. जुन्या वायरचं रबर वाकवलं की तडकतं, उंदरांनी खाल्लेलं असतं ते वेगळंच. जिथे तडकलंय तिथे नुसती टेप मारू नका, ती वायरच बदला, त्याच रंगाची मिळाली तर उत्तम. त्या काळात फ्यूज मोजकेच आणि काही सर्किटला फ्यूजच नाही, त्यामुळे शॉर्ट झालं की वायरच फ्यूज होते. बॅटरीपाशी मेन कटऑफ बसवा आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. पहिल्यांदा जोडताना बॅटरीच्या वायरमध्ये बारा व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये लावा, सगळं बंद असताना तो पेटला तर कुठेतरी गळती आहे.

आणि तो पितळी स्विच! माझा अंदाज, तो इग्निशन कट असणार. तेव्हा चोरीच्या भीतीने लोक कॉइलच्या (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती) किंवा पॉइंटच्या (ठिणगीची वेळ साधतो तो) वायरमध्ये लपवलेला स्विच टाकायचे. मागची वायर कुठे जाते ते शोधा. नाहीतर उद्या पेट्रोल, कार्बोरेटर, पॉइंट सगळं नवं करून बसाल आणि स्पार्क येणारच नाही. काढू मात्र नका हो तो, उत्तम आयडिया आहे.

निवांतपोपट
पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, कटकट मिटेल.

बॅकलाइट
मिटेल, जोपर्यंत ते मॉड्यूल जात नाही तोपर्यंत. पॉइंट रस्त्यात पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. आणि जुना कंडेन्सर चांगला असेल तर जपून ठेवा, नवे बरेचदा लवकर जातात. टाकायचंच असेल तर जुना संच डिक्कीत ठेवून टाका, भांडण नको.

ग्रीसहात
पेट्रोलचं राहिलं. टाकी उतरवून रिकामी करा, आत टॉर्च किंवा मोबाइल घालू नका, बाहेरूनच उजेड पाडून बघा. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप फुंकून साफ, पंपाचा डायफ्रॅम नवा, सोलेक्स कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल यायची बारीक भोकं) साफ करायचे ते तारेने नाही, हवेने, तारेने भोक मोठं होतं. सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घ्या. आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि कणाकणाने सुटतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा विनोद नाही. इथेनॉल पाणीही धरतं, म्हणून गाडी उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह सीट बसतात म्हणून कोणी घाबरवलं तर ऐका, पण लगेच हेड उघडू नका. बिडाच्या हेडमध्ये थेट कोरलेल्या सीटला तो त्रास जास्त. फियाटचं हेड अॅल्युमिनियमचं, सीट वेगळी बसवलेली. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेला, गॅप बघत राहा, एक्झॉस्टचा गॅप सारखा सारखा कमी होत असेल तर सीट बसतेय, मग हेड उघडा आणि कडक सीट टाका. त्याच अॅल्युमिनियम हेडसाठी रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कूलंट घाला, बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये साधं पाणी असलं की हेड आतून खाल्लं जातं. आणि एकदा जरी गरम झाली तरी हेड वाकू शकतं, टेम्परेचर मीटर चालत नसेल तर आधी तो.

तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, झिंक असलेलं बघून. हल्लीच्या गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला झिंक-फॉस्फरस कमी केलेलं असतं, जुन्या कॅमला आणि टॅपेटला ते लागतं.

इंजिन लागलं की कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. आकडा किती यापेक्षा चारही जवळजवळ आहेत का हे महत्त्वाचं, सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या पाऊणपटीच्या खाली नको. एखाद्यात कमी आलं तर त्यात चमचाभर तेल घालून परत घ्या, वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. बऱ्याच दिवसांनी चालू झालेल्या इंजिनात रिंगा चालवता चालवता मोकळ्या होतात, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून ब्लॉक बोअरला नेऊ नका.

कुलूपकिल्ली
अपडेट! इंजिन फिरलं!! तेल घालून ठेवलं होतं, काल पाना लावला तर आधी हललंच नाही, मग एकदम लोण्यासारखं. बाबा खुर्ची टाकून बसले होते, काही बोलले नाहीत, फक्त फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) एक-तीन-चार-दोन असं पुटपुटले आणि आत गेले.

भावाशी बोलणं झालं. पत्रा आणि ब्रेक आत्ता, रंग नंतर, तोही फक्त खराब भागाचा. तो थोडा हिरमुसलाय पण पत्र्याचं काम तोच बघणार. दप्तरदार यांनी सांगितल्याप्रमाणे लिहून ठेवलंय. आतेभावाने माघार घेतली. आणि बॅकलाइट, तुम्ही बरोबर होतात, स्विचची वायर थेट कॉइलकडे जाते.

आता अडलंय ते असं, मागचा डावा ड्रम निघत नाहीये. हातोडी मारायला भीती वाटते.

मिसिंगमास्तर
हातोडी नकोच, ड्रम बिडाचा असतो, कड तुटते. हँडब्रेक सोडलाय ना? आधी तो बघा, केबलच जाम असते बरेचदा. मग मागून ब्रेकचे अॅडजस्टर सैल करा म्हणजे शू आत जातील, ड्रमच्या आतल्या कडेला झिजून पायरी पडते आणि शू त्यात अडकतात. ड्रम धरणारे छोटे स्क्रू काढलेत का? ते गंजात दिसत नाहीत, तारेचा ब्रश मारून शोधा. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यात मापाचे बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे समान आवळा, ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. भोकं नसतील तर मधल्या हबच्या कडेला गंज सोडवायचं तेल, रात्रभर थांबा, आणि सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून गोल गोल फिरत हलक्या हाताने टकटक.

पत्रेवाला
आणि गाडी जॅकवर आहे की घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर? घोड्यांवर नसेल तर आधी त्या लावा, नंतर बाकीचं वाचा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकूड. उंबरठ्याच्या गंजक्या जागेखाली घोडी ठेवू नका, मागच्या अॅक्सलखाली ठेवा.

कुलूपकिल्ली
जॅकवर होती :( भाऊ आत्ता घोड्या आणायला गेलाय. स्क्रू सापडले, दोन आहेत, एकाचं डोकं घासलंय.

ग्रीसहात
घासलेल्याला इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर लावा, हातोडीने मारला की फिरतो तो. नाहीच निघाला तर डोकं ड्रिलने उडवा, ड्रम निघाल्यावर उरलेला तुकडा पकडीने सहज येतो. फोटो टाका आतला.